वाट सोडून बसावं

आमच्या मुळशी खोऱ्यातून पुण्याला यायचं म्हणजे पौड, पिरंगुट, भूगाव मागं टाकत खिंड उतरायची. खिंड उतरली की कोथरूड लागायचं. माझ्या लहानपणी कोथरूड हे गावच होतं. म्हातोबाची टेकडी, तिच्या पायथ्याला शेतं, कुठं विहिरीवर मोट, आणि पुढं बरंच चाललं की मग शहर. बाजाराला निघालेल्या गाड्या तिथं बैलांना पाणी दाखवायला थांबायच्या. आज त्याच कोथरूडात तिसऱ्या मजल्यावर माझं बिऱ्हाड आहे. गॅलरीतून टेकडीचा एक तुकडा दिसतो. सकाळी चहा घेऊन मी त्या तुकड्याकडं तोंड करून बसतो.

गावाकडचा विषय निघाला की शेजारचे विचारतात, "काका, तुमच्याकडं शिकारी करायचे म्हणे?" मी "हो, करायचे पूर्वी" एवढं म्हणतो आणि पाण्याच्या टँकरचा विषय काढतो. आज टँकरकडं वळत नाही. शिकारीतली एकच गोष्ट सांगायची आहे, ती म्हणजे बसायची जागा कशी धरायची. गोळी, नेम, बार या गोष्टी लोकांना ऐकायच्या असतात. पण माझे आजोबा, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, ते नेमाबद्दल कधी फारसं बोलले नाहीत. बोलले ते जागेबद्दल.

आबांकडं ठासणीची बंदूक होती. पिकाच्या राखणीसाठी म्हणून परवान्याची. मुंबई राज्याचा 1951 चा शिकारीचा कायदा होता, पण रानात तो कितपत पोचायचा ते सांगायला नको. आमची भाताची खाचरं डोंगराच्या पोटाला. वर गर्द रान. पाऊस ओसरला, भाद्रपद सरला, आंबेमोहराच्या लोंबीत दूध भरलं, की वरून डुकरं आणि सांबरं उतरायची. एक कळप एका रात्रीत खाचर लोळवून जायचा. वर्षाचं भात एवढंच. त्यामुळं आश्विन-कार्तिकात गावातला निम्मा पुरुष रात्री घरी झोपायचा नाही.

राखणीसाठी असायचा तो माळा. चार मेढी, वर काठ्यांचा ताटवा, त्यावर पेंढा, डोक्यावर जमलं तर छप्पर. माळ्यावर बसणारा लपत नाही. तो डबा वाजवतो, हाकारे घालतो, गोफण फिरवतो. आपण इथं आहोत हे जनावराला कळावं म्हणूनच तो तिथं असतो.

मचाण त्याच्या उलट. मचाण झाडात असतं आणि आपण तिथं नाही असं वाटावं म्हणून ते बांधलेलं असतं. आणि जिथं झाडच नाही, तिथं लपण करतात. सुप्याकडच्या, सोलापूरकडच्या माळांवर काळवीट-चिंकारा असायचे, तिथं दगड रचून, काटक्या-झुडपं लावून माणूस बसेल एवढा आडोसा केला की झालं लपण. काही जण बैलाच्या आडानं जवळ जायचे. बैलाला हरीण भीत नाही. माळा, मचाण, लपण, तिन्हीकडं माणूस रात्रभर जागाच असतो. तरी माळ्यावरून उतरलेला माणूस आणि मचाणावरून उतरलेला माणूस सकाळी सारख्या तोंडानं घरी येत नाहीत, हे मी लहानपणी पाहिलंय.

पानशेत फुटलं ते 1961 साल. त्या वर्षी मी तेरा वर्षांचा होतो. जुलैत पुणं वाहून गेलं. पुण्यात कामाला असलेला आमचा चुलता आठ दिवसांनी चिखलानं माखलेला परत आला, म्हणून ते साल घरात सगळ्यांच्या लक्षात. त्याच साली नवरात्राच्या आधी मी आबांच्या मागं लागलो की मला मचाणावर न्या. आबा आधी "बसशील का गप?" म्हणाले. मग म्हणाले, "आधी जागा धरायला चल. मग बघू."

तीन दिवस आम्ही रानात नुसतं हिंडत होतो. मला वाटलं होतं, झाड बघायचं आणि चढायचं. आबा झाडाकडं बघतच नव्हते. ते जमिनीकडं बघत होते. सांबराच्या लेंड्या ताज्या का शिळ्या, खूर ओल्या मातीत किती रुतलाय, कुठल्या खोडाची साल नरानं शिंगं घासून सोलली आहे. त्या दिवसांत नराची शिंगं कडक झालेली असतात, अंगात मस्ती असते. ओढ्याकाठी चिखलात लोळण घेतलेली जागा त्यांनी मला दाखवली. चिखलात केसांचे ठसेसुद्धा उमटलेले होते.

"हिथं बसलो तर?" मी विचारलं.

"हितं न्हाई."

"का?"

"त्येचं घर हाय ते."

पुढं एका दरडीला पांढरट खारी माती होती. जनावरं ती चाटायला यायची. खुरांची नुसती दाटी. मला वाटलं यापेक्षा चांगली जागा कुठली? आबांनी मान हलवली. "मिठावर बसायचं न्हाई. मीठ खायला आलेल्याला मारणं म्हंजी पंगतीतनं पाव्हणा उठवून मारणं." पाण्याचंही तसंच. तसं त्या दिवसांत पाण्यावर बसून उपयोगही नसतो, कारण पावसाळा नुकताच संपलेला, जागोजाग झरे वाहत असतात, जनावर कुठंही पाणी पितं. उन्हाळ्यात मात्र एकेक डबकं उरतं आणि तिथं बसलं की शिकार चुकत नाही. आबा उन्हाळ्यात कधी बसले नाहीत. दशरथ राजानं पाण्यावरच बाण मारला आणि श्रावणबाळ गेला, एवढंच कारण ते सांगायचे.

मग बसायचं कुठं? तर खाचराच्या कडेला. आबांचा हिशेब सरळ होता. तहानेला आलं तर ते पाहुणं. चोरीला आलं तर चोर. चोराला आपल्या बांधावर गाठायचं, त्याच्या दारात जाऊन नाही.

हा हिशेब मला तेव्हा फार न्यायाचा वाटला होता. आता वाटत नाही, असं नाही. पण आता त्यातली एक गोची दिसते. बांध आमचा, हे आम्हाला ठाऊक. सांबराला कोण सांगणार? आबांच्या आजानं रान तोडून ती खाचरं काढली, हे आबाच सांगायचे. म्हणजे सांबर चोरीला येत होतं की जुन्या घरी येत होतं? मी हे एकदा आबांना विचारलं. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "त्येबी खरं हाय. पर भात तुझ्या आईनं लावलंय." यावर माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. आजही नाही.

जागा ठरली की मग झाड. आमची खाचरं डोंगराच्या पूर्व उतारावर. रान वर, पश्चिमेला. सूर्य बुडाला की डोंगरावरची हवा गार होते आणि खाली वाहू लागते. दिवसा वारा चढतो, रात्री उतरतो. तेव्हा जनावर वरून येणार आणि वारा त्याच्याकडून आपल्याकडं येणार. आपण खालच्या बांधाला बसलो तर आपला वास त्याला जात नाही. शिवाय पौर्णिमेनंतरचा चंद्र पूर्वेकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून वर येणार. जनावर चांदण्यात, आपण झाडाच्या सावलीत. खालच्या बांधाला एक ऐन होता. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर त्याला बेळकं फुटलेलं. पाठीला जाड खोड. तिथून जनावर खाचरात उतरायची जागा वीस पावलांच्या आत. आबा म्हणायचे, ठासणीच्या बंदुकीनं वीस पावलांच्या पुढं बार टाकणारा शिकारी नाही, तो जुगारी.

आणि एक नियम. जनावराच्या वाटेवर बसायचं नाही. वाट सोडून, बाजूला बसायचं. "त्येला मागं जायला वाट पायजे," आबा म्हणायचे. मी म्हणालो, वाट असली तर पळून जाईल की. ते म्हणाले, "जाऊ दे की. ज्येला पळायला जागा न्हाई ते जनावर न्हाई, खाटकाचं बोकड हाय."

मचाण बांधायचं तेही पंधरा दिवस आधी, म्हणजे येणाजाणाऱ्या जनावराच्या डोळ्यांना ते सवयीचं होतं. काठ्या त्या झाडाच्या तोडायच्या नाहीत. लांबून आणायच्या. कुऱ्हाडीचा पांढरा घाव दिसला की त्यावर चिखल फासायचा. खिळा नाही, तार नाही. वाखाच्या दोरीनं आवळायचं, म्हणजे कुरकुरत नाही. आडोशाला ऐनाचे डहाळे नकोत, वाळले की वाजतात. जांभळीचे बरे. खाली पेंढा नको, घोंगडी हवी. तंबाखू, विडी बंद. खोकला येऊ नये म्हणून तोंडात ज्येष्ठमधाची काडी. आणि एकदा बसलं की उतरायचं नाही, अंग आखडलं तरी.

हे सगळं आबांनी ऐनाच्या झाडासाठी ठरवलं होतं. पण ऐनाच्या त्या बेळक्यात एकच माणूस बसू शकत होता.

मी रडलो नाही. पण दोन दिवस जेवणाकडं तोंड वाकडं केलं. आजी आबांना म्हणाली, "न्या की पोराला. एवढं हिंडवलंत ना." शेवटी आबांनी दक्षिणेच्या बांधावरचा आंबा धरला. त्याची फांदी रुंद. दोघं आरामात बसू. बांधताना मी खूश होतो, भराभर दोऱ्या देत होतो. आबा मात्र मधूनच त्या ऐनाकडं बघत होते. नंतर त्यांनी आंब्याखालून जनावर उतरायच्या जागेपर्यंत पावलं मोजली. किती झाली ते मला सांगितलं नाही. मी नंतर, सगळं झाल्यावर, एकटा जाऊन मोजली. माझी बारकी पावलं धरूनसुद्धा ती तीसच्या वर होती.

कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते. आम्ही दिवस मावळायच्या आत चढून बसलो. काळोख पडला. रातकिडे सुरू झाले. लांब कुठंतरी भेकर भुंकलं. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला चंद्र वर आला आणि त्याच्या आसपासच मृगाचं नक्षत्र. आबांनी मला बोटानं दाखवलं. पोटात बाण शिरलेला मृग. त्याच्यामागून व्याध उगवायला अजून बराच वेळ होता.

मृग आणि व्याध यांची गोष्ट मला आजीकडून ठाऊक होती. श्रीधरस्वामींनी 1718 साली बारामतीत शिवलीलामृत रचलं, त्याच्या दुसऱ्या अध्यायात ती आहे. महाशिवरात्रीला आमच्या गावात देवळात पोथी वाचायचे. व्याध पाण्याकाठच्या बेलाच्या झाडावर दबा धरून बसतो. नीट दिसावं म्हणून आडवी येणारी पानं तोडून खाली टाकतो, आणि खाली शिवलिंग असतं. हरिणी येते. तो बाण लावतो. ती म्हणते, मला थोडा वेळ दे, घरची निरवानिरव करून परत येते. तो तिला जाऊ देतो. मग दुसरी, मग मृग. सगळी शब्द देऊन जातात आणि सकाळी खरोखर परत येतात. लहानपणी मला वाटायचं, गोष्टीतला चमत्कार म्हणजे हरणं बोलतात हा. त्या रात्री झाडावर बसल्यावर वाटलं, चमत्कार तो नाहीच. व्याधानं ऐकलं हा चमत्कार.

मध्यरात्रीच्या आत माद्या आल्या. दोन, आणि एक पाडस. त्या कधी आल्या कळलंच नाही. मगाशी तिथं बांध होता, आता तिथं सांबर होतं. पाडस आईच्या पोटाखालून मान काढून आमच्याच दिशेला बघत होतं, असं मला वाटलं. आबा हलले नाहीत. त्या खाऊ लागल्या. लोंबी ओरबाडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. माझ्या आईनं लावलेलं भात.

मग नर आला. तो मात्र सरळ खाचरात उतरला नाही. वरच्या कडेला थांबला, नाक वर केलं. वारा आम्हाला सोडून बाजूनं जात होता. ऐनावर असतो तर तो आमच्या समोर, छाती आमच्याकडं करून उभा असता. आंब्यावरून तो तिरका दिसत होता, आणि लांब. आबांनी बंदूक उचलली. मग खाली केली. मग माझ्याकडं पाहिलं. माझा श्वास जोरात चालला असणार. तेरा वर्षांचं पोर त्यांच्याकडं बघत होतं, त्यांनी काय करावं असं वाटून बघत होतं, ते त्यांना दिसलं असणार. त्यांनी बंदूक परत उचलली आणि बार टाकला.

धुरातून काही दिसलं नाही. रान फुटल्यासारखा आवाज झाला आणि मग काहीच नाही. मी उतरायला निघालो तर त्यांनी माझा दंड धरला. घायाळ जनावरामागं लगेच जायचं नाही. त्याला बसू द्यायचं. आम्ही तसेच पहाटेपर्यंत बसून राहिलो. व्याध डोक्यावर येऊन पश्चिमेकडं झुकला. त्या सबंध वेळात आबा एकदाच बोलले. "नेम चुकला न्हाई. जागा चुकली."

उजाडल्यावर रक्त दिसलं. काळपट, त्यात हिरवट घाण. छातीचं रक्त लाल, फेसाळ असतं. हे पोटाचं होतं. पोटात गोळी बसलेलं जनावर लगेच मरत नाही. आम्ही सकाळभर माग काढत गेलो. दुपारी ओढ्यात सापडलं. पाण्यात मागचे पाय, पुढचे काठावर. जिवंत होतं. आम्हाला बघून उठायचा प्रयत्न केला, मग तेही सोडलं. पाण्यावर बसायचं नाही, हा आबांचा नियम. शेवटी त्याला पाण्यावरच मारावं लागलं.

गावात रिवाजाप्रमाणे वाटे पडले. घराघरात मटण गेलं. आबांनी आपला वाटा घेतला नाही. मला कुणी काही बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. त्यानंतर आबा मचाणावर बसले नाहीत. आंब्यावरच्या काठ्या त्यांनी स्वतः सोडल्या. पुढची अकरा वर्षं ते माळ्यावर बसून डबा वाजवत राहिले. भात जायचं ते जायचंच. आई चिडायची. "मामंजींचं पुण्य व्हतंय, आन आपली कणगी रिकामी," असं मागल्या दारी म्हणायची. तिचंही खोटं नव्हतं. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, बंदूक पुढं जमा झाली, आणि प्रश्न आमच्या हातातून गेला. सुटला नाही, नुसता हातातून गेला. आजही मुळशी, वेल्ह्याकडच्या शेतकऱ्याला विचारा. रानडुकरांनी झोपवलेल्या भाताचे पंचनामे करत तो बसलेला असतो. त्याला कोथरूडच्या गॅलरीतून दयेच्या गोष्टी सांगायला मी जाणार नाही.

लपून मारावं का, हा प्रश्न आपल्याकडं फार जुना आहे. वाली पडल्यावर रामाला हेच विचारतो, तू झाडाआडून का मारलंस? रामाची उत्तरं वाल्मीकींनी किष्किंधाकांडात दिली आहेत, त्यातलं एक असं की माणसं जनावरांना फासे लावून, लपून मारतातच, त्यात दोष धरत नाहीत. म्हणजे जनावराच्या बाबतीत हा प्रश्न मिटलाच होता असं धरून चाललेलं आहे. आबांच्या लेखी तो मिटलेला नव्हता. लपणं त्यांना मान्य होतं. पण लपायचं कुठं, किती जवळ, कुणाच्या वाटेवर, कुणाच्या तहानेवर, हे सगळं ठरवताना ते जणू न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायचे. कारण एकदा बसलं की पुढचं आपल्या हातात फार थोडं राहतं. समोर जनावर आलं, हातात बंदूक आहे, शेजारी नातू बघतो आहे. त्या क्षणी माणूस काय ठरवणार? ठरवायचं ते आधी, दिवसाउजेडी, पावलं मोजताना. आबांनी पावलं मोजली होती. आकडा त्यांना ठाऊक होता. माझ्या हट्टापायी त्यांनी तो गिळला. त्यांची चूक त्या रात्रीची नव्हती, पंधरा दिवसांपूर्वीची होती. आणि तिच्यात माझा वाटा होता. तो वाटा मात्र मला घ्यावाच लागला.

हे सगळं मनाच्या तळाशी गेलं होतं. ते वर आलं 9 डिसेंबर 2020 ला.

त्या दिवशी सकाळी कोथरूडात गवा आला. महात्मा सोसायटीच्या भागात. फिरायला निघालेल्यांनी पाहिला आणि तासाभरात सगळीकडं झालं. माझा नातू तेव्हा अकरा वर्षांचा. करोनामुळं शाळा घरातच. तो गॅलरीतून ओरडत आला, "आजोबा, बायसन!" आम्ही खाली गेलो. मीच त्याला घेऊन गेलो, हे सांगितलं पाहिजे. रस्त्यावर माणसंच माणसं. मोबाईल वर धरलेले हात. जो तो म्हणत होता, बिचारा, वाट चुकलाय. कुणाच्या हातात काठी नव्हती, बंदूक नव्हती. गवा एका गल्लीतून निघाला की समोर माणसं, वळला की तिकडं माणसं. कुणीतरी विचारलं, "कुठं गेला?" आणि माझा हात आपोआप वर झाला. मी बोट दाखवलं. पंचवीस-तीस पोरं तिकडं धावली.

काही तास हे चाललं. शेवटी भुलीचं इंजेक्शन देऊन, जाळी लावून त्याला धरलं, आणि त्यातच तो गेला. संध्याकाळी सगळं कोथरूड हळहळत होतं. दुसऱ्या दिवशी लोकांनी फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या. हळहळ खरी होती, तिची मी थट्टा करत नाही. पण मला रात्री झोप लागेना. आमच्याकडं शिकारीचा दुसरा प्रकार होता, हाका. माणसांची रांग ओरडत रान झोडपत यायची आणि जनावर पळत बंदुकीपुढं जायचं. आबांना हाका आवडत नसे. त्यात जनावराला विचार करायला उसंत नसते, असं ते म्हणायचे. कोथरूडात त्या दिवशी झाला तो हाकाच होता. फक्त मचाणावर कुणी नव्हतं. मारायचं कुणालाच नव्हतं, म्हणून कुठं उभं राहायचं हे कुणी ठरवलंच नाही. आणि ज्याला ते लहानपणी शिकवलेलं होतं, त्यानं बोट दाखवलं.

आबा मारायला बसायचे, तरी जनावराला मागं जायची वाट ठेवायचे. आम्ही प्रेमानं गेलो आणि चारी वाटा बंद केल्या. मग चांगलं कोण? मी आबांना चांगलं म्हणून सुटत नाही, त्यांनी त्या सांबराचे काय हाल केले ते मी पाहिलंय. पण मनात काय होतं एवढ्यावरच माणसाचा हिशेब करायचा, तर गव्याच्या मरणाला धनीच उरत नाही. मनाबरोबर पायही बघायला हवेत, ते कुठं उभे होते. दोनच आठवड्यांनी बावधनच्या बाजूला आणखी एक गवा दिसला. त्या वेळी लोकांना लांब ठेवलं, वाट मोकळी ठेवली, आणि तो परत रानात गेला. माणसं तीच, गावही तेच होतं. फक्त उभं कुठं राहायचं ते या वेळी आधी ठरलं होतं.

पुढं एकदा मुलानं मला विदर्भात नेलं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री तिकडच्या अभयारण्यांत वनखातं लोकांना पाणवठ्यावरच्या मचाणांवर बसवतं, येईल ते जनावर मोजायला. मी साठ वर्षांनी मचाणावर चढलो, तेही शिडीनं. उजव्या हाताला कागद-पेन्सिल. पाणवठा समोरच, कारण वैशाखात जनावर दुसरीकडं जाणार कुठं? एक सांबरी आली. पाण्याशी वाकली. शेजारच्या माणसानं पिशवीची चेन ओढली, तेवढ्यानं ती थबकली आणि न पिता परत गेली. आम्ही कागदावर "सांबर, मादी, 1" असं लिहिलं. ती रात्रभर परत आली नाही. मोजणारा मारत नाही हे खरं. पण तहान तिनं परत नेली, आणि ती मोजायला कागदावर रकाना नव्हता.

आता दसरा-दिवाळीच्या दिवसांत मी नातवाला घेऊन पहाटे टेकडीवर जातो. अजून मोर आहेत तिथं, भेकर दिसल्याचंही कुणीकुणी सांगतात. नातवाकडं कॅमेरा आहे. गेल्या आश्विनात त्यानं बसायला जागा धरली ती अगदी मोराच्या उतरायच्या पायवाटेवर, एका खडकाला टेकून. उजेड चांगला येतो म्हणे. मी त्याला उठवलं आणि वीसेक पावलं बाजूला, करवंदीच्या जाळीआड बसवलं. वारा तोंडावर येत होता.

"इथून फोटो नीट येणार नाही, आजोबा."

"नाही येणार."

"मग?"

"ती त्याची जायची वाट आहे."

तो जरा फुरंगटून बसला. मी मनात पावलं परत एकदा मोजली. या वेळी आकडा गिळायचा नव्हता. ऊन चढेपर्यंत आम्ही बसलो. मोर त्या दिवशी आला नाही. खाली सोसायटीतल्या गाड्या सुरू व्हायचे आवाज येऊ लागले, तेव्हा नातवानं ज्येष्ठमधाची काडी तोंडातून काढली आणि म्हणाला, "उद्या अजून लवकर येऊ."

आम्ही उतरलो ते पायवाट सोडून, जाळीच्या कडेकडेनं.